लहान केंद्राची लांब हाक

कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत आपल्या देवळांतून पहाटे काकडआरती होते. वैनगंगेच्या काठी वसलेल्या बालाघाट नगरात ह्या दिवसांत पहाटेच्या हवेला गारवा आलेला असतो; घंटेचा नाद नदीपर्यंत जातो आणि थोड्याच वेळात पूर्व उजळू लागते. घड्याळात ह्या सुमारास साडेपाच वाजलेले असतात. योगायोग असा, की ऑक्टोबरच्या अखेरच्या आठवड्यात एका शनिवारी नेमक्या ह्याच घटकेला जगभर आणखी एक जागरण सुरू होते. ग्रीनिचच्या प्रमाणवेळेने तेव्हा मध्यरात्रीचे बारा वाजलेले असतात, आणि हौशी रेडिओच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेचा तो प्रारंभक्षण असतो. तेथून बरोबर अठ्ठेचाळीस तास, म्हणजे सोमवारच्या काकडआरतीपर्यंत, पृथ्वीच्या पाठीवरील हजारो माणसे आपापल्या घरी बसून एकमेकांना हाका मारीत राहतात.

ही स्पर्धा अमेरिकेतील ‘सीक्यू’ नावाच्या मासिकाने १९४८ साली सुरू केली. ऑक्टोबरात ती बोलण्याची असते, नोव्हेंबरच्या अखेरीस मोर्सच्या कडकट्टची. नियम एका श्वासात सांगता येतील इतके सोपे आहेत. प्रत्येक केंद्राने दुसऱ्या केंद्राशी संबंध जोडावयाचा आणि त्यास दोनच गोष्टी सांगावयाच्या: त्याचा आवाज आपल्याकडे कसा पोहोचतो ह्याचा अंक, आणि आपल्या विभागाचा क्रमांक. स्पर्धेपुरते जगाचे ४० विभाग पाडलेले आहेत आणि भारत बाविसाव्या विभागात येतो. म्हणून भारतीय स्पर्धक दोन दिवस ‘एकोणसाठ, बावीस’ हेच शब्द शेकडो वेळा उच्चारीत असतो. दुसऱ्या खंडातील केंद्र भेटले तर तीन गुण, आपल्याच खंडातील परदेश भेटला तर एक. स्वदेशातील केंद्राचे गुण नाहीत, पण देश व विभाग मोजताना ते एकदा उपयोगी पडते. एकंदर गुणांस, प्रत्येक लहरीपट्ट्यावर भेटलेल्या देशांच्या आणि विभागांच्या संख्येने गुणावयाचे. समजा, एखाद्याचे २०० संबंध जुळले, त्यांतील १५० परखंडांतील आणि ५० आशियातील परदेशांचे. गुण झाले ५००. त्यास ६० देश व २० विभाग मिळाले, तर ५०० गुणिले ८०, म्हणजे चाळीस हजार. नामांकित केंद्रांचे आकडे लक्षांत आणि दशलक्षांत जातात. मग ज्याच्या गच्चीवर एक तार आणि मेजावर एक लहानसे यंत्र एवढाच संसार आहे, त्याने ह्या स्पर्धेत उतरावे तरी कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर इतिहासाच्या वाटेनेच द्यावयास हवे.

आपल्या देशात हौशी रेडिओचा आरंभ १९२१ साली झाला. अमरेंद्रचंद्र गुप्तू ह्या बंगाली गृहस्थांनी त्या वर्षी पहिले केंद्र चालविले. त्यांच्या पाठोपाठ मुकुल बोस आले. मुंबईचे नभोवाणी केंद्र १९२७ च्या जुलैत सुरू झाले हे ध्यानात घेतले, म्हणजे संस्थेच्या आधी हौशी माणूस पोहोचला होता असे दिसते. १९२९ मध्ये भारतीय केंद्रांच्या संकेतनामांस ‘व्हीयू’ ही अक्षरे मिळाली व ती आजतागायत चालू आहेत. तथापि १९३० नंतरच्या दशकातही देशभरातील परवानाधारक पन्नासांच्या आतच होते, आणि त्यांतील बहुसंख्य सैन्यातील इंग्रज अधिकारी होते. म्हणजे ज्या काळी आपल्या घरांत ग्राहक यंत्रही नवलाचे होते, त्या काळी प्रक्षेपक बाळगणारा भारतीय हा अगदी एकाकी प्राणी होता. त्याचे सामान थोडे, शक्ती थोडी, आणि शेजारी त्याच्याकडे संशयाने पाहणारे.

१९३९ साली महायुद्ध पेटले आणि सरकारने सर्व हौशी केंद्रे बंद करून यंत्रे पोलिसांच्या स्वाधीन करण्याचे हुकूम काढले. यंत्रे गेली, पण विद्या गेली नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘चले जाव’ची हाक उठली, नेते तुरुंगात पडले, वृत्तपत्रांच्या तोंडाला कुलूप लागले, तेव्हा मुंबईत उषा मेहता व त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी ‘काँग्रेस रेडिओ’ उभा केला. त्यासाठी त्यांना हौशी रेडिओच्या जाणकारांकडेच जावे लागले. ४२.३४ मीटरवर चालणारे ते केंद्र पोलिसांना चुकविण्यासाठी मुंबईत एका घरातून दुसऱ्या घरात हलत राहिले. सुमारे तीन महिने सरकारने त्याचा माग काढला. अखेर १२ नोव्हेंबर १९४२ रोजी गिरगावातील पारेखवाडीत छापा पडला. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली व येरवड्याच्या तुरुंगातून १९४६ साली त्या सुटल्या. ज्याच्या तांत्रिक साहाय्यावर केंद्र उभे राहिले होते, त्याच्याच माहितीने पोलिसांना वाट सापडली ही कटू गोष्टही लपविण्याचे कारण नाही. विद्या निर्मळ असते, पण ती धारण करणारे मन निर्भय असेलच असे नाही. यंत्राची बळकटी शेवटी माणसाच्या बळकटीएवढीच.

गोमंतकाच्या वाचकांस ह्याच कुळातील दुसरी कथा अधिक जवळची वाटेल. पोर्तुगीज सत्तेविरुद्ध ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ हे गुप्त केंद्र २५ नोव्हेंबर १९५५ रोजी सुरू झाले. आल्बुकर्कने गोवा जिंकला तो १५१० सालातील हाच दिवस, म्हणून तो मुद्दाम निवडला होता. दादरा-नगरहवेलीच्या मुक्तीच्या वेळी हाती आलेल्या बिनतारी यंत्रांतून प्रक्षेपक तयार झाला. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ह्या दोघांनी आंबोलीच्या रानातून, आणि पुढे कॅसलरॉकच्या बाजूने, पोर्तुगीज व कोकणी भाषांत तो आवाज १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत अखंड तेवत ठेवला. सहा वर्षे! पावसाळ्यात आंबोलीला काय पाऊस कोसळतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ह्या सहा वर्षांचा अर्थ वेगळा सांगावयास नको. ही दोन्ही केंद्रे हौशी नव्हती. ती लढ्याची केंद्रे होती. परंतु योग्य लहर, योग्य वेळ आणि योग्य जागा साधली तर थोड्या शक्तीचे यंत्रही मोठ्या सत्तेच्या कानापर्यंत पोहोचते, हा धडा त्यांनी घालून दिला. आणि स्पर्धेत उतरणारा साधा हौशी माणूस दरवर्षी तोच धडा गिरवीत असतो.

महायुद्ध संपल्यावर १९४६ पासून परवाने पुन्हा मिळू लागले. १९४८ साली देशात सुमारे पन्नास हौशी परवानाधारक होते, आणि प्रत्यक्ष यंत्र चालविणारे त्यांतील डझनभरच. अशा वेळी १५ मे १९४८ रोजी महू येथील सैन्याच्या सिग्नल विद्यालयात भारतीय हौशी रेडिओ मंडळाची स्थापना झाली. महू हे गाव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जन्मस्थान म्हणून आपण ओळखतो. आजच्या मध्य प्रदेशाच्या नकाशावर ते पश्चिम टोकाला आहे, तर बालाघाट दक्षिण टोकाला. मंडळ पुढे दिल्लीस गेले व १९५४ साली ‘अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया’ झाले. जागतिक स्पर्धा आणि भारतीय मंडळ ह्या दोहोंचे जन्मवर्ष एकच, ही गोष्ट मला नेहमीच अर्थपूर्ण वाटत आली आहे. जगाने खेळ मांडला, त्याच वर्षी आपण त्यात बसावयाची चटई अंथरली.

आता बालाघाटकडे वळू. १८६७ साली भंडारा, मंडला व शिवनी ह्या जिल्ह्यांतून प्रदेश काढून हा जिल्हा बनविण्यात आला. मुख्य गावाचे जुने नाव बुऱ्हा. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. तरी लांजी, वारासिवनी, कटंगी ह्या बाजूस मराठीचा संपर्क तुटला नाही, आणि पलीकडे गोंदिया तर उंबऱ्यावरच. जिल्ह्याच्या रानात बांबू मुबलक आहे. मलाजखंड येथे तांब्याची विस्तीर्ण उघडी खाण आहे. आणि एरियल म्हणजे तरी काय? दोन बांबू आणि त्यांच्यामध्ये ताणलेली तांब्याची तार! हौशी केंद्रास लागणारी ही दोन द्रव्ये ह्या जिल्ह्याच्या पाठीवर आणि पोटात निसर्गानेच ठेवली आहेत.

अशा ह्या गावी एखाद्याने आपल्या घरी केंद्र मांडले असे धरू. १४ मेगासायकलच्या, म्हणजे वीस मीटरच्या पट्ट्यासाठी त्याला सुमारे १० मीटर लांबीची तार पुरेल. चाळीस मीटरच्या पट्ट्यास सुमारे २० मीटर. मधोमध ती कापून दोन्ही टोकांस केबल जोडली की काम झाले. परंतु ती कोणत्या दिशेने बांधावी ह्याला महत्त्व आहे, कारण तार आपल्या लांबीच्या दिशेने थोडे आणि दोन्ही कुशींकडे अधिक बोलते. बालाघाटाहून युरोप वायव्येस पडतो व ऑस्ट्रेलिया आग्नेयेस. तेव्हा ईशान्य-नैर्ऋत्य बांधलेली एकच तार ह्या दोन्ही खंडांना हाक घालते. जपान मात्र तिच्या टोकाच्या बाजूला राहतो. त्याच्यासाठी दुसरी तार हवी. अमेरिकेची वाट उत्तर ध्रुवाच्या बाजूने जाते. ती सर्वांत कठीण, आणि बहुधा पहाटे व सायंकाळी, संधिप्रकाशाच्या थोड्या अवधीतच उघडते.

ह्या हाका क्षितिजापलीकडे जातात त्या आयनांबरामुळे. सूर्यकिरणांनी विद्युत्भारित झालेला वातावरणाचा तो उंच थर लघुलहरींना पुन्हा पृथ्वीकडे वळवितो. कलकत्त्याच्या प्रा. शिशिरकुमार मित्रांनी ह्या विषयावर लिहिलेला बृहद्ग्रंथ १९४७ साली प्रसिद्ध झाला व जगभर प्रमाण मानला गेला. दिवसा सूर्य तापला की दहा, पंधरा व वीस मीटरचे पट्टे जागे होतात. रात्री चाळीस आणि ऐंशी मीटरचे. सूर्यावरील डागांचे सुमारे अकरा वर्षांचे चक्र वर आले की दहा मीटरवर थोड्या शक्तीने जग भेटते. ते खाली गेले की तोच पट्टा दिवसेंदिवस मुका राहतो. म्हणून स्पर्धक आधी पंचांग पाहतो, मग यंत्र लावतो. त्याचे पंचांग सूर्याचे असते, इतकेच.

शक्तीचा हिशोबही समजून घेण्यासारखा आहे. स्पर्धेतील मोठ्या वर्गाची मर्यादा १,५०० वॉटची, लहान वर्गाची १००, आणि अल्पशक्ती वर्गाची केवळ ५ वॉट. आपल्या देशातील सामान्य श्रेणीच्या परवान्यास ४०० व मर्यादित श्रेणीस ५० वॉटपर्यंत मुभा आहे. पंधराशे आणि शंभर ह्यांत पंधरापटीचे अंतर. पण दूरच्या श्रोत्याच्या मापकावर हे अंतर जेमतेम दोन घरांचे दिसते, कारण त्या मापकावरील एक घर चढावयास शक्ती चौपट करावी लागते. ह्याचा अर्थ असा, की गर्दी नसेल आणि लहर अनुकूल असेल, तर शंभर वॉटचा माणूस ऐकू येतोच. गर्दीत तो दबतो. म्हणून त्याने गर्दीत ओरडू नये. मोठ्यांच्या हाका ऐकून त्यांस उत्तर द्यावे. मोठे केंद्र एका जागी बसून जगाला बोलाविते, लहान केंद्र दारोदार जाते. वेळ निवडणे, क्षणभर थांबणे, दोन हाकांमधील पोकळीत आपले नाव स्वच्छ उच्चारणे, ह्यातच त्याची सारी कला आहे.

नवविधा भक्तीत पहिले स्थान श्रवणाला आहे हे आपणांस ठाऊक आहे. ह्या छंदातही तोच क्रम आहे. जो आधी ऐकत नाही त्याचे कोणी ऐकत नाही. स्पर्धा संपल्यावर प्रत्येकाची नोंदवही आयोजकांकडे जाते आणि सर्वांच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या जातात. समोरच्याचे संकेतनाम एका अक्षराने चुकले तरी तो संबंध रद्द होतो आणि वर गुण कापले जातात. घाईने शंभर नोंदी करणाऱ्यापेक्षा नीट ऐकून ऐंशी करणारा पुढे जातो, असे त्यामुळे घडते. आणि येथे रोख बक्षीस नाही. मिळालेच तर एखादे प्रशस्तिपत्र. लहान केंद्राचा खरा प्रतिस्पर्धी म्हणजे त्याचाच गेल्या वर्षीचा आकडा.

तरी अठ्ठेचाळीस तास हा काही थोडका काळ नव्हे. आपल्याकडील अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवावयाची नाही असा दंडक असतो. पहारेकरी बदलतात, वीणा खांद्यावरून खांद्यावर जाते. मोठ्या केंद्रांत चार-सहा जण असाच पहारा वाटून घेतात. घरगुती केंद्रात पहारेकरी एकच. त्याला मध्ये झोप घ्यावी लागते, बाजारात जावे लागते, दाराशी आलेल्या पाहुण्यांना चहा द्यावा लागतो. दिवाळी जवळ असली तर शेजारच्या विजेच्या माळांची खरखर ग्राहक यंत्रात शिरते, आणि माळ काढा असे सणासुदीला कोणास सांगवत नाही. वीज गेली तर मोटारीची बॅटरी जोडावी लागते. मात्र वीज गेली की आसपासच्या उपकरणांची खरखरही थांबते, आणि अंधारात लांबचा एखादा क्षीण आवाज अचानक स्पष्ट ऐकू येतो. हा लाभ शहरातील मोठ्या केंद्राच्या वाट्यास क्वचितच येतो.

यंत्र महाग असते म्हणून हा श्रीमंतांचा शोक, असा एक समज आहे. परदेशी यंत्रे महागच आहेत. परंतु भारतीय हौशी माणसाने आपले यंत्र आपण जोडण्याची परंपरा जपली आहे. ह्या शतकाच्या आरंभी हैदराबादच्या अशहर फरहान ह्यांनी ‘बिटएक्स’ नावाचा आराखडा सिद्ध केला व कोणालाही बनविता यावा म्हणून खुला ठेवला. त्यात सहज मिळणारे भाग योजिले होते. तारेचे वेटोळे गुंडाळावयास नळाच्या तोटीत घालावयाचा वॉशरसुद्धा चालला! वीस मीटरवर काही वॉट शक्ती देणारे हे यंत्र मग परदेशांतही लोकांनी आपल्या हातांनी जोडले. गरजेतून काढलेली युक्ती जगाने आदराने उचलली, हे आपल्या लहान केंद्रांच्या इतिहासातील एक सुंदर पान आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. कशासाठी हा खटाटोप? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन करून लोक निजलेले असताना, किल्लारी व आसपासची गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली. सुमारे दहा हजार माणसे दगावली. त्या विध्वंसानंतर संदेश पोहोचविण्याच्या कामी हौशी रेडिओवाले पुढे आले. २००१ च्या जानेवारीत कच्छच्या भूकंपातही तसेच घडले. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद ह्यांच्या पुढाकाराने हौशी मंडळींचे एक पथक अंदमानात गेले होते. ती बेटे ह्या छंदात दुर्लभ ठरलेली, म्हणून जगभरची केंद्रे तेथील हाकेसाठी टपून बसलेली होती. हेतू निव्वळ छंदाचा. पण २६ डिसेंबरच्या सकाळी त्सुनामी आली, इतर संदेशमार्ग तुटले, आणि खेळासाठी मांडलेले तेच केंद्र घटकेत मदतकार्याचे साधन बनले. गर्दीतून क्षीण आवाज वेचणे, एकदाच ऐकून नाव अचूक टिपणे, झोप न घेता तासन्‌तास शांत राहणे, ही कौशल्ये त्या दिवशी कोणी नव्याने शिकविली नाहीत. ती स्पर्धांच्या आणि जागरणांच्या रात्रींनी आधीच अंगी बाणविली होती.

बालाघाटला हे दूरचे वाटू नये. २२ मे १९९७ च्या पहाटे उत्तरेकडील जबलपूर भूकंपाने हादरले होते. पावसाळ्यात वैनगंगा फुगते, रानातील वाटा तुटतात. आज प्रत्येकाच्या खिशात दूरध्वनी आहे हे खरे; पण तो मनोऱ्यावर अवलंबून, मनोरा विजेवर, आणि वीज तारांवर. दोन बांबू, एक तार आणि एक बॅटरी ह्यांना मधला कोणी लागत नाही. त्यांना लागतो तो फक्त ते चालवू शकणारा माणूस. आणि असा माणूस आपत्तीच्या दिवशी जन्मास येत नाही. त्यास आधी अनेक वर्षे हरण्याच्या स्पर्धेत बसावे लागते.

परवान्याची परीक्षा बारा वर्षांच्या मुलापासून कोणासही देता येते. विद्युत्शास्त्राची थोडी ओळख व नियमांची माहिती एवढे पुरते. वरच्या श्रेणीस मोर्सही यावे लागते. ह्या लहरींवर व्यापार करावयाचा नाही, जाहिरात करावयाची नाही, गाणी लावावयाची नाहीत. फक्त एका माणसाने दुसऱ्या माणसाला नाव सांगावयाचे व त्याचे नाव ऐकावयाचे. आपल्या देवस्थानांच्या धर्मशाळा, पाठशाळा, वाचनालये आहेत. त्यांच्या एखाद्या खोलीत मुलांसाठी असे एक ग्राहक यंत्र ठेवले आणि आठवड्यातून एक संध्याकाळ ऐकण्यास दिली, तर खर्च उत्सवातील एका दिवसाच्या रोषणाईहूनही कमी येईल.

सोमवारी पहाटे साडेपाचला स्पर्धा थांबते. क्षणापूर्वी शेकडो हाकांनी गजबजलेला पट्टा एकाएकी शांत होतो. घरगुती केंद्राचा धनी कानांवरचे यंत्र काढतो, वहीतील शेवटचा आकडा लिहितो. तो बहुधा मोठा नसतो. मग त्याला बाहेरचे आवाज ऐकू येऊ लागतात. देवळात घंटा वाजत असते. तो उठून खिडकी उघडतो. दिवसाच्या कामाला लागण्यास अजून तास-दोन तास अवकाश असतो.